९८.४ पर्सेंटाईल, ओबीसी मुलगी, बारावी लातूरची. सीओईपीची आशा धरावी का?

बार्शीकर_दादा

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीसाठी विचारतोय. २०२५ च्या एमएचटी-सीईटीला (राज्याची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा) पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स ग्रुपमधे तिला ९८.४ पर्सेंटाईल पडलेत. आम्ही मूळचे बार्शीचे, अकरावी-बारावी तिने लातूरला केली, मी स्वतः डिप्लोमा करून चाकणला कंपनीत आहे. ओबीसी, नॉन क्रिमीलेअर काढलेलं आहे, जात पडताळणी पण झालीये, घरचं उत्पन्न आठ लाखाच्या खूप आत. तिला कॉम्प्युटर ब्रँच पाहिजे असं ती म्हणते पण मनात सीओईपी (पुण्याचं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज) आहे, दहावीपासून तेच एक नाव घेतेय. आता मी मागच्या वर्षीचा म्हणजे २०२४ चा कटऑफ काढून बसलोय, त्यात काही ब्रँच ९८.२ ला बंद झालेल्या दिसतात म्हणजे ९८.४ ला मिळायला पाहिजे ना? पण एकजण म्हणतो मिळेल, दुसरा म्हणतो विसरा, आणि त्या यादीत एवढे कोड आहेत की डोकं चालत नाही. होम युनिव्हर्सिटी आपली सोलापूर धरायची का मी पुण्यात राहतो म्हणून पुणे? कॉलेजं आम्ही काढलीत ती अशी, सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, पुण्याचं पीआयसीटी आणि मुलींचं कमिन्स, वालचंद सांगली, नांदेडचं एसजीजीएस. घरात इंजिनिअरिंगची डिग्री करणारी ही पहिलीच, त्यामुळे फॉर्म भरताना माझ्याकडून काही चुकायला नको एवढंच वाटतं. जाणकारांनी सविस्तर सांगा, प्लीज.

इंजिनिअर_नगरचा

कॉम्प्युटर सीओईपी आणि व्हीजेटीआय दोन्हीकडे नाही होणार, ओबीसी मुलींच्या जागेवर पण नाही. तिथे ओपन कॉम्प्युटर ९९.७ च्या वरच संपतं. बाकी ब्रँचचं बघा.

गणिताचे_सर

दादा, आधी बहिणीचं अभिनंदन करा माझ्याकडून. मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो आणि दर जून-जुलैमधे पोरांचे ऑप्शन फॉर्म भरायला बसतो, त्यामुळे जरा लांब लिहितो, सावकाश वाचा.

पहिली गोष्ट. पर्सेंटाईलला पर्सेंटाईल लावून बघू नका, यावर्षी तर अजिबातच नको. पर्सेंटाईल म्हणजे तुमच्या मागे शंभरातले किती हे सांगतं, पुढे किती जण उभे आहेत हे सांगत नाही. कॉलेजला जागा ठरलेल्या असतात, त्यामुळे आपल्याला मोजायचंय ते पुढे किती आहेत ते. २०२४ ला पीसीएमला साधारण तीन लाख पोरं बसली होती. २०२५ ला तोच आकडा सव्वाचार लाखाच्या घरात गेलाय. आता तुमच्या बहिणीच्या पुढे १.६ टक्के आहेत, सोयीसाठी ४.२ लाख धरले तर साधारण ६७०० जण. मागच्या वर्षी ९८.४ वाल्याच्या पुढे फक्त ४८०० होते. म्हणजे मागच्या वर्षीच्या भाषेत बोलायचं तर तिचे हे मार्क ९७.७५ च्या आसपास येतात.

तुम्ही म्हणता ती ९८.२ ला बंद झालेली ब्रँच घ्या. ९८.२ म्हणजे मागच्या वर्षी साधारण ५४०० वा नंबर. यावर्षी ५४०० व्या नंबरला ९८.७ लागतात. म्हणजे कागदावर वरचढ दिसणारी तुमची बहीण तिथे तेराशे नंबर मागे आहे. हे ऐकून वाईट वाटेल पण आत्ताच कळलेलं बरं, कारण दरवर्षी चांगली पोरं याच हिशोबात फसतात, वरची आठ-दहा कॉलेजं टाकून फॉर्म बंद करतात आणि पहिल्या राऊंडला हाताला काहीच लागत नाही.

म्हणून सीईटी सेलच्या कटऑफ यादीत पर्सेंटाईल कंसात लिहिलेलं असतं आणि त्याच्या वर जो आकडा असतो ना, मेरिट नंबर, तो बघायचा. रजिस्ट्रेशन, कागदपत्र तपासणी झाली की बहिणीचा स्वतःचा स्टेट मेरिट नंबर येईल. माझा वरचा ६७०० चा हिशोब अंदाजाचा आहे, खरा नंबर थोडा इकडे तिकडे होईल कारण सीईटी दिलेले सगळेच कॅपला म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांना येत नाहीत. नंबर आला की मागच्या दोन-तीन वर्षांच्या याद्या उघडा आणि नंबराला नंबर लावा.

आता कोड. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पहिलं अक्षर जी म्हणजे सगळ्यांसाठी, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधे कॅटेगरी. शेवटी एस, एच किंवा ओ. एस म्हणजे राज्यभरातून एकच यादी, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीवाल्यांच्या जागा, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठांच्या पोरांच्या जागा. बहिणीला चार रांगा लागू आहेत: ओपन सर्वसाधारण, ओपन मुली, ओबीसी सर्वसाधारण, ओबीसी मुली. बरेच पालक फक्त एल ओबीसीची रांग बघतात. चारही बघा, कारण एल ओबीसीच्या जागा थोड्या असतात आणि एखाद्या वर्षी तिथला कटऑफ जी ओबीसीच्या पण वर गेलेला दिसतो.

होम युनिव्हर्सिटी तुमची सोलापूर पण नाही आणि पुणे पण नाही. तुम्ही कुठे राहता, आईवडील कुठे राहतात याच्याशी तिचा संबंध नाही, बारावी ज्या कॉलेजातून झाली ते कॉलेज कोणत्या विद्यापीठाच्या हद्दीत येतं ते बघतात. लातूर म्हणजे नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. त्यामुळे पुण्यातल्या ज्या कॉलेजच्या यादीत एच आणि ओ असे भाग पडलेत तिथे तुम्ही ओ बघायचा. एच बघून खूश व्हायचं नाही. सीओईपी, व्हीजेटीआयला एस असतं, तिथे हा प्रश्न येत नाही. बाहेरच्यांना जागा कमी. साठची ब्रँच धरा, तीस टक्के ओ म्हणजे अठरा, त्यातल्या एकोणीस टक्के ओबीसी म्हणजे तीन, त्यात मुलींसाठी राखीव एखादी. एका जागेचा कटऑफ म्हणजे त्या एका मुलीचे मार्क, दुसरं काही नाही. मागच्या वर्षी तिथे ९९ वाली आली असेल, यावर्षी ९८ वाली पण येऊ शकते आणि उलटंही होऊ शकतं. अशा जागेवर खात्री धरायची नाही आणि ती सोडायची पण नाही, फॉर्ममधे टाकून ठेवायची.

माझा अंदाज विचाराल तर सीओईपी कॉम्प्युटर नाही. ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) अवघड, शेवटच्या राऊंडला काठावर आलं तर आलं. इलेक्ट्रिकल, मेकॅनिकलला चांगली संधी आहे, सिव्हिल आणि मेटलर्जी तर मिळावंच. कमिन्सचं कॉम्प्युटर किंवा आयटी ही खरी लढत आहे. वालचंदचं कॉम्प्युटर काठावर, नांदेडच्या एसजीजीएसला कॉम्प्युटर बऱ्यापैकी भरवशाचं. पीआयसीटी कॉम्प्युटर मला कठीण वाटतं, ईएनटीसीचा विचार करता येईल.

रेवा_सीओईपी

सरांनी छानच सांगितलंय. मी नांदेडची आहे आणि सीओईपीला इलेक्ट्रिकलच्या थर्ड इयरला आहे त्यामुळे दादा तुमच्या बहिणीच्या जागी मी स्वतः होते असं समजा, मला पण कॉम्प्युटरच पाहिजे होतं. 

मला एवढंच सांगायचंय की कॉलेज मोठं का ब्रँच मोठी हा प्रश्न तिने स्वतः सोडवू दे, पण सोडवायच्या आधी तिने दोन्ही ब्रँचचा दुसऱ्या वर्षाचा सिलॅबस उघडून वाचावा. कॉलेजच्या साईटवर असतो. इलेक्ट्रिकलमधे मशीन्स, नेटवर्क्स, पॉवर सिस्टिम, कंट्रोल हे सगळं आहे आणि ते तीन वर्षं रोज करायचंय. मशीन लॅबला मोटरवर लोड चढवताना अॅमीटरचा काटा बघत रीडिंग घ्यायची, एकजण ऱ्हिओस्टॅट सरकवणार, एकजण लिहिणार, आणि प्रॅक्टिकल संपलं की ग्राफ. मला ते आवडायला लागलं, खरंच आवडतं, पण माझ्याच वर्गात असे काही आहेत की ज्यांनी फक्त नावासाठी ब्रँच घेतली आणि आता लॅबला यायचं म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. सॉफ्टवेअरच्या बऱ्याच कंपन्या इलेक्ट्रिकल, ईएनटीसीवाल्यांना पण बसू देतात, आमचे सिनियर लागलेत, पण त्यासाठी कोडिंगचा अभ्यास वेगळा, स्वतःच्या वेळेत करावा लागतो, आणि काही कंपन्या फक्त कॉम्प्युटर-आयटीच घेतात हे पण खरं आहे. आणि पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलून घेऊ या भरवशावर कुणी येऊ नका. जागा मोजक्या आणि त्यासाठी टॉपला असावं लागतं, नाही मिळालं तर चार वर्षं हळहळ.

पण कॉलेज म्हणून विचाराल तर आल्याचा आनंद आहे मला. १८५४ चं कॉलेज आहे, जुन्या इमारती, मागे मुळा नदी आणि तिथे बोट क्लब, रेगाटाला म्हणजे बोटींच्या सोहळ्याला अख्खं कॉलेज नदीवर असतं. रोबोटिक्सवाली पोरं रात्र रात्र लॅबमधे असतात. लातूर-नांदेडकडची खूप मुलं आहेत, पहिल्या आठवड्यातच ओळखी निघतात. गावाकडून येणाऱ्या मुलीला इथे एकटं वाटत नाही. बहिणीला काही विचारायचं असेल तर मला मेसेज करू दे, मी बोलते तिच्याशी.

बार्शीकर_दादा

सर, ताई, काय बोलू, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. होम युनिव्हर्सिटीचं तर आम्ही सोलापूरच धरून चाललो होतो. रेवाताई, बहिणीला तुमचा मेसेज वाचून दाखवला, ती आज सिलॅबस काढून बसलीये.

अजून तीन प्रश्न आहेत. एक, एक काऊन्सेलिंगवाले भेटले होते, २५ हजार घेतात आणि म्हणतात पुण्यात चांगल्या कॉलेजला कॉम्प्युटर गॅरंटी. दोन, टीएफडब्ल्यूएस (ट्युशन फी माफीच्या वेगळ्या जागा) टाकायचं का, फी माफ होते म्हणतात. तीन, पसंतीक्रम कसा लावू? कुणीतरी म्हणालं की मिळणारं कॉलेज वर टाका नाहीतर ते पण हातचं जाईल.

इंजिनिअर_नगरचा

गॅरंटीवाल्याला एक रुपया पण देऊ नका दादा. कॅपच्या जागा मेरिटने सिस्टिमच वाटते, त्यात कुणाच्या ओळखीचं काम नाही. गॅरंटी देतात म्हणजे एकतर मिळणारच असलेलं कॉलेज तुम्हाला दाखवतील नाहीतर मॅनेजमेंट कोट्याकडे नेतील.

गणिताचे_सर

नगरकरांशी पूर्ण सहमत, आणि त्यात तुमच्यासाठी आणखी एक नुकसान आहे ते सांगतो. २०२४-२५ पासून राज्यात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसच्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्युशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर ही माफी गेली. म्हणजे २५ हजार देऊन तुम्ही चार वर्षांची फी अंगावर घेणार. महाडीबीटीवर (सरकारी शिष्यवृत्तीचं पोर्टल) दरवर्षी अर्ज भरावा लागतो, त्याची तारीख चुकवू नका. हॉस्टेल, मेस, डेव्हलपमेंट फी यात येत नाही, ते पैसे बाजूला ठेवावे लागतील.

याच्यामुळे टीएफडब्ल्यूएसचं उत्तर पण मिळतं. त्या जागा मंजूर जागांच्या वर पाच टक्क्यांपर्यंत असतात, साठला तीन. तिथे कॅटेगरी नसते, आठ लाखाच्या आतले सगळे एकाच मेरिटने येतात, म्हणून कटऑफ बऱ्याचदा ओपनच्याही वर जातो. तुमच्या बहिणीची फी तशीच माफ आहे, तिला टीएफडब्ल्यूएसची गरजच नाही. मुलगा असता तर वेगळं सांगितलं असतं. त्याचा चॉईस कोड वेगळा असतो, शेवटी टी लागतो, फॉर्म भरताना घाईत चुकून तो निवडला जातो आणि साधा कोड राहून जातो, असं बघितलंय मी. तेवढं सांभाळा.

आता पसंतीक्रम. मिळणारं वर टाका असं ज्यांनी सांगितलं त्यांचं अजिबात ऐकू नका. सिस्टिम तुमची यादी वरून खाली वाचते, जिथे पहिल्यांदा तुमच्या मेरिटला जागा सापडते तिथे थांबते. कमिन्स बाराव्या नंबरवर टाकलं म्हणून तिथे तुमचा हक्क कमी होत नाही, वरच्या अकरा नाही मिळाल्या तर बाराव्याला तुम्ही तेवढ्याच मेरिटने उभे असता. पण कमिन्स वर टाकून ते मिळालं तर खालची सीओईपी कधीच तपासली जात नाही. म्हणून जे मनापासून हवंय त्या क्रमाने लावा, मिळेल का नाही याचा विचार क्रम लावताना करायचाच नाही. तो विचार यादी किती खाली न्यायची यासाठी ठेवा. ३०० पर्यंत ऑप्शन देता येतात, तुम्ही ४०-५० तरी भरा.

फक्त यावर्षीचा म्हणजे २०२५ चा नवा नियम डोक्यात ठेवा. यंदा चार राऊंड आहेत. पहिल्या राऊंडला पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी काही मिळालं तर, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. नाही घेतलं तर पुढच्या राऊंडमधून बाहेर. म्हणून वरच्या सहात असं एकही नाव नको की मिळाल्यावर घरात रडारड होईल. त्याच्या खालचं काही मिळालं तर जागा घेऊन बेटरमेंटला म्हणजे वरच्या पसंतीसाठी पुढच्या राऊंडला जायचं, पुढे वरचं मिळालं की आधीची जागा आपोआप सुटते हे मात्र लक्षात असू द्या. दोन्ही हातात राहत नाही.

मुलीचीआई_सांगली

माझी मुलगी वालचंदला आहे म्हणून दोन शब्द. बार्शीवरून सांगली काही लांब नाही, पुण्यापेक्षा राहायचा खर्च पण कमी येतो आणि अभ्यासाचं वातावरण फार चांगलं आहे, १९४७ चं कॉलेज आहे, मास्तर लोक जुने-जाणते. पुणे-मुंबईच्या नावाखाली पालक सांगली, कऱ्हाड, नांदेड ही नावं यादीत फार खाली ढकलतात आणि मला ते पटत नाही. पुण्यातल्या एखाद्या साध्या कॉलेजच्या कॉम्प्युटरपेक्षा इथलं कॉम्प्युटर केव्हाही घ्यावं. दादा, एकदा बहिणीला घेऊन कॉलेज बघून जा, लेकीला दाखवलेलं बरं असतं.

बार्शीकर_दादा

सगळ्यांचे आभार. काल रात्री आम्ही दोघं बसलो. ती म्हणाली दादा मी दोन्ही सिलॅबस वाचले, मला प्रोग्रॅमिंगच करायचंय, सीओईपीचं इलेक्ट्रिकल मला नको. मला जरा जड गेलं कारण सीओईपी मिळत असताना सोडायचं म्हणजे लोक काय म्हणतील, पण शिकायचं तिला आहे. यादी तिने स्वतः लावली: सीओईपी कॉम्प्युटर, व्हीजेटीआय कॉम्प्युटर आणि आयटी, पीआयसीटी कॉम्प्युटर, कमिन्स कॉम्प्युटर, वालचंद कॉम्प्युटर, मग पीआयसीटी आयटी, कमिन्स आयटी, सीओईपी ईएनटीसी, एसजीजीएस कॉम्प्युटर आणि पुढे बाकीची. सर, वरच्या सहात वालचंद आलंय, चालेल ना?

गणिताचे_सर

तिला वालचंद कॉम्प्युटर मनापासून चालणार असेल तर सहाव्याला असू दे. पण एकदा तिला नीट विचारा, कारण तिसऱ्या राऊंडला ते मिळालं तर चौथ्या राऊंडला कमिन्स कॉम्प्युटरसाठी थांबता येणार नाही. ती म्हणाली थांबायचंय, तर वालचंद सातव्याला न्या आणि पीआयसीटी आयटी सहाव्याला आणा. क्रम बाकी उत्तम लावलाय, तुमची बहीण विचार करणारी आहे.

आणि नॉन क्रिमीलेअरवरची तारीख आज रात्रीच बघा. २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंतचं पाहिजे. जुनं असेल तर उद्या सकाळीच सेतूमधे अर्ज टाका, तहसीलला या दिवसात गर्दी असते, आणि पावती नीट ठेवा. ते प्रमाणपत्र नसलं तर तिला ओपनमधे धरतील आणि आपण वर केलेला ओबीसीचा सगळा हिशोब लागू होणार नाही.

बार्शीकर_दादा

बघितलं सर. ३१ मार्च २०२६ च आहे. आणि वालचंद सातव्याला गेलं, ती म्हणाली कमिन्ससाठी थांबते.